जावईबापूंनी हलवलेलं गोदाम

सासुरवाडीत जावयाला मान असतो हे खरं, पण त्या मानाला काही माप असावं की नाही? नागपूरच्या तांडापेठेतल्या हेडाऊंच्या घरी ते नव्हतं. जागेश्वर धकाते हा त्या घरचा एकुलता एक जावई. लग्नाला वीसेक वर्षं झाली, दोन्ही कानांवरचे केस पांढरे झाले, तरी तो दारात दिसला की अख्खं घर उठून उभं राहायचं, पंखा त्याच्याकडे वळवला जायचा आणि सासरे बापूजी म्हणायचे, "या जावईबापू, बसा."

हे 'बसा' फार वाईट होतं हो. घरात लगीन असो, कोणाचं आजारपण असो, नाहीतर गच्चीवरची टाकी फुटून जिन्यातून पाणी वाहत असो, सगळे धावत असायचे आणि जागेश्वर बसलेला असायचा. एकदा त्याने न राहवून पाण्याची बादली उचलली, तर सासूबाई पंचफुलाबाई अशा किंचाळल्या, की शेजारच्यांना वाटलं घरात साप निघाला. बादली हातातून काढून घेण्यात आली. वर त्याला सरबत मिळालं.

आता बापूजी काही गोडबोले नव्हते. मुलगा सुशील, दुकानातले हमाल, गल्लीतला भाजीवाला, सगळ्यांना ते दिवसभर शिव्या घालायचे. किंबहुना बापूजींनी शिवी घातली म्हणजे तो माणूस आपला, असा तांडापेठेत हिशोब होता. जागेश्वरला मात्र वीस वर्षांत एक वाकडा शब्द नाही. तो एका सरकारी कचेरीत मोठा बाबू होता, तिथे साहेबाच्या शिव्या खाऊन यायचा आणि सासुरवाडीत शिव्या मिळत नाहीत म्हणून झुरायचा. ही व्यथा सांगणार कोणाला? ज्याला सांगावं तो म्हणायचा, भाऊ, तू तर नशीब काढलं.

बापूजींचा धंदा बिछायतीचा. मांडव, खुर्च्या, गाद्या, कढया, कार्याला जे जे लागतं ते भाड्याने देणारं त्यांचं 'पंचफुला बिछायत केंद्र' तांडापेठेत जुनं. पण गोदामाच्या जागामालकाला तिथे फ्लॅटची स्कीम टाकायची होती, म्हणून बापूजींनी उमरेड रोडला, दिघोरीच्या पुढे, एक मोठी शेड घेतली. सामान हलवायचं काम अर्थात सुशीलचं. आणि नेमका सुशील गोदामातल्या शिडीवरून पडला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून खाटेवर जाऊन बसला.

घरात सगळे चिंतेत. जागेश्वर नेहमीप्रमाणे पंख्यासमोर. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी हलवतो गोदाम."

पंचफुलाबाईंनी पदर सावरला. "बाप्पा! लोक काय म्हणतीन? हेडाऊनं जावयाले हमालीले लावलं!"

बापूजींपुढे पेच पडला. नाही म्हणावं तर जावयाचा शब्द मोडतो. त्या घरात जावयाला कोणत्याच गोष्टीला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे बघा, ज्या मानाने वीस वर्षं काम मिळू दिलं नाही, त्याच मानाने ते मिळवून दिलं.

रात्री घरी आल्यावर बायकोने, वंदनाने, त्याला स्पष्ट सांगितलं. "अवो, तुमाले ऑफिसात स्वतःचा डबा सापडत नाही, अन् गोदाम हलवून राहिले? दुसऱ्या कोणाचं चुकलं तं बाबा त्याले तिथंच झापतीन. तुमचं चुकलं तं कोणी बोलणारच नाही. मंग कसं कळन तुमाले?"

"चुकणारच नाही," जागेश्वर म्हणाला. त्याला त्या रात्री फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. तांडापेठेत सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. नव्या जागेत पहिली वस्तू कोणती न्यायची, यावरून गल्लीचे दोन तट पडले. एक म्हणे पाण्याने भरलेला हंडा, दुसरा म्हणे खराटा. एका निवृत्त गुरुजींनी तर सांगितलं, की पहिली वस्तू म्हणून घरातली सर्वांत मोठी कढई न्यावी आणि ती नेणाऱ्याने वाटेत कोणाशी बोलू नये. जागेश्वरने सगळ्यांना हो म्हटलं. कचेरीतली सवय.

मग परवानगी. दिवसा शहरातून मोठी गाडी न्यायची तर परवानगी लागते, असं कोणीतरी म्हणालं. जागेश्वर स्वतः बाबू, त्यामुळे तो उत्साहाने गेला. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "माल कोणता?"

"बिछायतीचा."

"म्हणजे कार्यक्रम आहे. पत्रिका जोडा."

"कार्यक्रम नाही, सामान हलवायचं आहे."

"बिछायतीचं सामान हलून राहिलं अन् कार्यक्रम नाही, असं कसं होईन? लग्न नसन तं वास्तू असन, वास्तू नसन तं तेरवी असन. जे असन त्याची पत्रिका जोडा."

जागेश्वरला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला कौतुक वाटलं. इतका भक्कम अडथळा त्याला स्वतःला इतक्या वर्षांच्या नोकरीत सुचला नव्हता. तो नमस्कार करून परत आला आणि त्याने ठरवलं, की मोठे रस्ते सोडून ले-आउटमधल्या, म्हणजे नव्या वस्त्यांमधल्या, गल्ल्यांतून गाड्या न्यायच्या.

इथवर ठीक होतं. खरा घोळ घातला त्याच्या शिस्तीने.

बिछायतवाल्यांच्या गोदामात सामान वस्तूंनी रचलेलं नसतं, लग्नांनी रचलेलं असतं. एका लग्नाचे खांब, कापड, दोऱ्या, खुर्च्या, कढई, झारे, सगळं एका ढिगात. 'दोन लगनं काढ' म्हटलं की दोन ढीग गाडीत चढतात, प्रत्येकात थोडं जड, थोडं हलकं. जागेश्वरला हे पाहून धक्काच बसला. लोखंडाशेजारी कापड? कढईत दोऱ्या? त्याने सगळे ढीग मोडायला लावले. लोखंड आणि भांडी एका गाडीत, कापड, गाद्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या दुसऱ्या गाडीत. हमालांचा मुकादम संजीव. त्याने डोकं खाजवलं, तोंड उघडलं, जागेश्वरकडे पाहिलं, आणि "बराबर आहे, जावईबापू" म्हणून खांब उचलायला वाकला. सुशील पडायच्या आदल्याच दिवशी खुर्च्या उलट्या रचल्या म्हणून याच संजीवने सुशीलला भर रस्त्यात सुनावलं होतं. पण जावयाला कोण सांगणार?

गाड्या निघाल्या. उन्हं अशी तापली होती की डांबराला चप्पल चिकटत होती. पुढे लोखंडाची गाडी कण्हत चालली होती. मागे कापडाची गाडी, हलकी आणि उंच, घरोघरच्या केबलच्या तारा ओढत येत होती. मागून लोकांच्या हाका ऐकू येत होत्या, त्या जागेश्वरला शुभेच्छा वाटल्या. नंदनवनच्या पुढे एका ले-आउटच्या अरुंद गल्लीत पहिल्या गाडीखालून मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. एवढं लोखंड एका गाडीत भरल्यावर तो बिचारा तरी काय करील?

ड्रायव्हर म्हणाला, गाडी खाली केल्याशिवाय काही होणार नाही. मग रस्त्याच्या कडेला, एका गुलाबी बंगलीसमोर, लोखंड उतरू लागलं. मागची गाडी गल्लीत अडकलेली, तिला ना पुढे जाता येई ना मागे. हमालांच्या अंगावरून घामाच्या धारा. आता जागेश्वर काही निर्दय माणूस नव्हता. त्याला त्यांची दया आली. तो म्हणाला, "संजीव, चार खांब रोवा, वरून एक कापड टाका, जरा सावलीत बसा सगळे."

झालं. बिछायतीच्या माणसाला चार खांब रोवायला सांगणं म्हणजे काय, हे जागेश्वरला कळायला हवं होतं. या लोकांनी उभ्या जन्मात अर्धा मांडव घातलेला नव्हता. त्यांना तो घालताच येत नव्हता. त्यातून हुकूम जावईबापूंचा, म्हणजे तिथे कसर ठेवून कसं चालेल? जागेश्वर मेकॅनिकला फोन लावायला कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत येऊन पाहतो तो काय, लाल आणि सोनेरी कापडाचा मांडव, चारी बाजूंनी झालर, खाली सतरंजी, समोरासमोर खुर्च्यांच्या रांगा आणि तोंडाशी 'सुस्वागतम्' लिहिलेली कमान. कमानीवर 'पंचफुला बिछायत केंद्र' आणि खाली बापूजींचा फोन नंबर.

"सावली बराबर आहे नं, जावईबापू?" संजीवने विचारलं. जागेश्वर खुर्चीत बसला.

पहिल्या आल्या समोरच्या घरातल्या गोदूबाई. त्यांनी कमान पाहिली, झालर पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. तडक त्या गुलाबी बंगलीच्या फाटकाशी गेल्या. बंगली शोभाताईंची. नवरा वारलेला, एकच मुलगी अपेक्षा, ती शहराबाहेर मिहानमधल्या कंपनीत कामाला. शोभाताई कूलरसमोर गाढ झोपल्या होत्या, त्या डोळे चोळत बाहेर आल्या.

"शोभाताई, आमचं काय चुकलं वं?" गोदूबाईंनी कमानीकडे बोट दाखवलं. "पोरीचं साक्षगंध करून राहिली, अन् समोरच्या घराले सांगणं नाही? तिले मी अंगाखांद्यावर खेळवली!"

"कोणाचं साक्षगंध?"

"माह्यासमोर नाटक नको करू."

शोभाताईंनी मांडव पाहिला आणि साखरपुड्याच्या संशयाने त्यांची झोप उडाली. कारण अपेक्षाने आजवर आलेलं प्रत्येक स्थळ नाकारलं होतं आणि अलीकडे ती गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायची. त्यांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला. "अपेक्षा, खरं सांग. तू आज साक्षगंध करून राहिली का?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग कोणाच्या घरच्याईसंग?"

फोन कट झाला. तोवर ले-आउटमधले लोक गोळा झाले होते. कोणी रागावून आलं होतं, कोणी इस्त्रीचे कपडे घालून. जागेश्वर सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला. "ऐका, इथं काही नाही. हा मांडव कोणाचाच नाही."

एक पोक्त गृहस्थ पुढे आले. "कोणाचाच नाही, तं घातला काहून?"

"सावलीसाठी," जागेश्वर म्हणाला. सावलीला कमान आणि झालर कशाला, म्हणून लोकांची खात्री पटली, की मुलाकडच्यांनी काहीतरी लपवलंय. ते खुर्च्यांवर बसले. कोणी माठ आणून ठेवला. एकाने तर आपल्या घरचा कूलर ओढत आणून वायर जोडून मांडवात सुरू केला. उन्हाळ्यात नागपूरच्या माणसाला याहून मोठा आहेर करता येत नाही. गोदूबाई रुसून मागच्या रांगेत बसल्या, पण बसल्या.

तेवढ्यात कोणीतरी कमानीवरचा नंबर फिरवला. नव्या शेडमध्ये बापूजी आणि पंचफुलाबाई नारळ घेऊन गाड्यांची वाट पाहत होते. त्यांना कळलं ते असं, की तुमचा मांडव आमच्या गल्लीत लागलाय, पाहुणे बसलेत, नवरदेवाचा पत्ता नाही, आणि एक माणूस हात जोडून फिरतोय.

ऑटोतून दोघं उतरली. संजीव आणि हमाल उठून उभे राहिले. बापूजींनी तुटलेली गाडी पाहिली. रस्त्यावरचा लोखंडाचा डोंगर पाहिला. कापडाच्या गाडीला लटकणारी केबल पाहिली. सगळी लग्नं मोडून खांब खांबांत आणि कढया कढयांत गेलेल्या पाहिल्या. चाळीस वर्षांत हाताने रचलेलं गोदाम असं रस्त्यात सांडलेलं पाहून त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. जागेश्वर समोर उभा होता. आता बोलतील, त्याला वाटलं. बोला, बापूजी.

बापूजींनी एक खुर्ची झटकून त्याच्यापुढे सरकवली आणि ते म्हणाले, "असू द्या, जावईबापू. होते असं. ऊन भल्लं तापलं आहे. तुम्ही बसा, मी पाहतो."

जागेश्वरला इतकं कधी लागलं नव्हतं. सुशीलने याच्या निम्मा गोंधळ घातला असता तर त्याचा उद्धार उमरेडपर्यंत ऐकू गेला असता. आणि आपल्याला एक शब्द नाही. म्हणजे आपण पाहुणेच. मरेपर्यंत पाहुणेच. त्याचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो वळला आणि काहीतरी करायचं म्हणून कोपऱ्यातल्या खांबाचा दोर सोडायला लागला. घातला तसा आपणच उतरवू, एवढंच त्याच्या मनात होतं.

"अबे ए गाढवा!"

सगळा ले-आउट दचकला.

"सोड तो दोर! हात नको लावू! अक्कल गहाण टाकली का बे?"

पंचफुलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. संजीव आभाळाकडे पाहू लागला. आणि आपण काय बोललो, कोणाला बोललो, हे बापूजींच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, त्यांनी दोन्ही हात जोडले. "जावईबापू, माफ…"

"नाही, बापूजी," जागेश्वर घाईने म्हणाला. "अक्कल गहाणच टाकली मी. माफी नका मागू. पुढचं सांगा. काहून नाही सोडायचा?"

बापूजी त्याच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत त्यांनी या माणसाला असं नीट पाहिलं नसावं. मग हळूच म्हणाले, "मांडव उभा राहिला की त्याच्याखाली चार माणसं जेवल्याबिगर सोडत नसते कोणी. रिकामा मांडव सोडणं म्हणजे अभद्र असते. इतकंही मालूम नाही तुले?"

"नाही."

"मंग उभा काय राहिला, बे? कढई काढ!"

आणि मग बांध फुटला. वीस वर्षांचं साचलेलं होतं, ते सगळं एकदम आलं. "लोखंड एका गाडीत, कापड एका गाडीत! कोणत्या शहाण्यानं शिकवलं तुले? अन् वरून ह्या गल्लीत घातली गाडी! अन् तुम्ही रे," बापूजी हमालांकडे वळले, "हा चुकून राहिला तं तुमची तोंडं शिवली होती का?"

"जावईबापू होते नं," संजीव पुटपुटला.

"कोणचे जावईबापू! चूल मांडा!"

चूल मांडली गेली. चार माणसांना जेवू घालायचं ठरलं होतं, पण ले-आउटमध्ये मांडव घालून चारच माणसं जेवतात कुठे? शोभाताईंनी तांदूळ काढले. गोदूबाई रुसवा विसरून घरातून आलू आणि वांगी घेऊन आल्या आणि फोडण्या कोणी घालायच्या यावरून शोभाताईंशी भांडायलाही लागल्या. जागेश्वर धुरात डोळे चोळत चुलीत लाकडं सारत होता. "जाळ कमी कर! भात करपन!" बापूजी ओरडायचे. तो कमी करायचा. "आता विझवतो का?" बापूजी ओरडायचे. तो वाढवायचा. इतका आनंद त्याला कचेरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मेकॅनिक येऊन पाटा बदलू लागला. रस्त्यावरच्या ढिगातून बापूजींनी एकेक लगन पुन्हा बांधायला घेतलं आणि दोर कसा आवळायचा ते जागेश्वरला दाखवलं. त्याने चुकीची गाठ मारली, शिवी खाल्ली, सोडून परत मारली. मधेच अपेक्षा मिहानहून स्कूटीवर धापा टाकत आली. तिने मांडव पाहिला, पंगत पाहिली, झारा घेऊन उभी असलेली आई पाहिली आणि विचारलं, "मुलगा कोण आहे?" मुलगाच नाही, हे कळल्यावर ती निवांत जेवायला बसली.

पंगतीवर पंगत उठत होती. जागेश्वर पँट दुमडून, भाताची बादली घेऊन वाढत होता. पंचफुलाबाईंचा जीव खालीवर होत होता. "अवो, जावयाले पंगतीत बसवा. पाप लागते असं."

"बसन. पहिले वाढून होऊ दे त्याचं," बापूजी म्हणाले आणि पुन्हा ओरडले, "अबे, त्या कोपऱ्यात वरण नाही पोहचलं!"

"आलो, बापूजी!"

कोणीतरी वंदनाला फोन केला होता. ती गाडी काढून घाबऱ्याघाबऱ्या पोचली, तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि हमालांनी मांडव सोडायला घेतला होता. जागेश्वर तिला आधी दिसलाच नाही. मग दिसला. तो संजीवच्या शेजारी, लोखंडाच्या ढिगाला टेकून, उकिडवा बसून जेवत होता. शर्टाला काजळी, केसांत राख. पत्रावळीत उरलासुरला भात होता, त्यातही निम्मी बुडाची करपलेली खरपूड. त्या घरच्या जावयाला असं शेवटी आणि असं उरलेलं आजवर कोणी वाढलं नव्हतं. वंदना धावतच त्याच्यापाशी गेली.

"काय झालं वो? बाबा काही बोलले का?"

जागेश्वरने तोंडातला घास गिळला.

"बापूजीनं मले गाढव म्हटलं," तो म्हणाला.

वंदना त्याच घरची लेक, तिला या शिवीची किंमत ठाऊक होती. ती तिथेच त्याच्यासमोर टेकली. "खरंच?"

"सगळ्याईसमोर," जागेश्वर म्हणाला, आणि त्याने संजीवकडे अजून थोडी खरपूड मागितली.